भावंडांचा रकाना

शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीईच्या) पंचवीस टक्के जागांच्या सोडतीत, मोठं भावंड ज्या शाळेत आहे तिथे धाकट्याला प्राधान्य मिळावं, या मागणीला मी बरीच वर्षं विरोध केला. मुंबईत घोडपदेवमध्ये मंडळाच्या खोलीत बसून मी दर वर्षी शेजारपाजारच्या आईवडिलांना आरटीईचे अर्ज भरायला मदत करते. ही मागणी तिथे सतत कानावर यायची आणि माझं उत्तर ठरलेलं असायचं: सोडत म्हणजे सोडत, तिथे नातं चालणार नाही. आज माझं मत तसं राहिलेलं नाही. भावंडांना प्राधान्य द्यावं, मर्यादा घालून द्यावं, पण द्यावंच, असं मला आता वाटतं. ते का बदललं हे नीट सांगायला हवं. माझं जुनं उत्तर ऐकून परत गेलेल्या आयांना ते कळायला हवं, आणि माझ्या नव्या मतामुळे ज्यांची संधी थोडी कमी होईल त्यांनाही.

आधी जुन्या मताबद्दल. ते गिरणगावात तयार झालं होतं. नात्यानं मिळणारी जागा म्हणजे काय, हे आमच्या वस्तीनं फार जवळून पाहिलंय. गिरणीतली भरती जॉबरच्या हातात असायची. जॉबर आपल्या गावचा, आपल्या भावकीतला माणूस आधी आत घ्यायचा. ज्याचं आत कोणी नाही, तो बदली कामाच्या आशेनं फाटकापाशी उभा राहायचा. माझ्या वडिलांना त्यांच्या चुलत्यानं गिरणीत लावलं, म्हणजे आमच्या घरची चूल त्याच रीतीवर पेटली. तरीही फाटकाबाहेर राहिलेल्यांबद्दल वडील नेहमी बोलायचे. त्यांच्यात आपल्यापेक्षा जास्त कामसू माणसं होती, फक्त आत ओळख नव्हती, असं ते म्हणायचे. माणसाच्या लायकीशी संबंध नसलेली ओळख दार उघडते, ही गोष्ट मला लहानपणापासून टोचत आली.

मग सोडत आली. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, तो कधी रीतसर संपलाच नाही, आणि गिरण्या एकेक करून बंद झाल्या. त्या जमिनींवर कामगारांना घरं मिळावीत म्हणून वर्षानुवर्षं मोर्चे निघाले. २८ जून २०१२ ला म्हाडानं गिरणी कामगारांच्या ६,९२५ घरांची सोडत काढली. अर्जदार लाखाच्या वर होते. आमच्या रामभाऊ भोगले मार्गावर, न्यू हिंद मिलच्या जागेवरही कामगारांच्या घरांचे टॉवर उभे राहिले. त्या सोडतीत कोणाचा जॉबर चालला नाही, कोणाची भावकी चालली नाही. नियम एकच: एका कामगाराला एक घर. ज्यांना लागलं नाही त्यांना दुःख झालं, पण आपल्याला कोणी डावललं असं त्यांना वाटलं नाही. न्यायाचं हे माप माझ्या मनात पक्कं बसलं. एकदा ज्याच्या घरी सोडत लागली, त्यानं बाजूला व्हावं आणि रांगेतल्या पुढच्याला वाट द्यावी.

शाळेच्या सोडतीला मी तेच माप लावलं. थोरल्याला चांगल्या शाळेत फुकट जागा मिळाली ना? मग धाकट्यासाठी पुन्हा हक्क कसला सांगता? अजून ज्यांच्या घरातलं एकही लेकरू त्या फाटकातून आत गेलेलं नाही, त्यांचा विचार करा. हे बोलताना मला मी गरिबातल्या गरिबाच्या बाजूनं उभी आहे असं वाटत असे.

ही सोडत चालते कशी, ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ चा, तो लागू झाला १ एप्रिल २०१० ला. त्याच्या १२ व्या कलमानुसार खासगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशाच्या पहिल्या वर्गातल्या निदान २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या आणि आठवीपर्यंत त्यांना फी न घेता शिकवायचं. महाराष्ट्रात अर्ज ऑनलाइन भरतात. दहा शाळा निवडता येतात. नकाशावर आपल्या घराच्या जागी बलून ठेवावा लागतो. तो चुकला की अंतर चुकतं आणि पडताळणीत अर्ज बाद होतो. एक किलोमीटरच्या आतल्या मुलांचा विचार आधी होतो, मग तीन किलोमीटरपर्यंतच्यांचा. मग निवड यादी, प्रतीक्षा यादी, मोबाइलवर मेसेज, आणि उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, भाडेकरार घेऊन पडताळणी समितीपुढे रांग. २०२५-२६ या वर्षासाठी राज्यात १ लाखाहून थोड्या जास्त जागा होत्या आणि अर्ज ३ लाखांवर होते.

घोडपदेवच्या माणसाला हे आणखी अवघड जातं. आमच्या वस्तीभोवती एक किलोमीटरचं वर्तुळ काढलं की त्याचा पूर्वेकडचा भाग हार्बरच्या रुळांपलीकडे, बंदराच्या गोदामांवर आणि दारूखाना भागातल्या भंगारावर पडतो. तिथे शाळा नाहीत. पश्चिमेला आणि दक्षिणेला, भायखळा-माझगावकडे, जुन्या नामांकित शाळा आहेत, पण त्यातल्या बऱ्याच मिशनरी संस्थांच्या. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना पंचवीस टक्क्यांची अट लागू नाही. विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये वगळलं, आणि २०१४ मध्ये अल्पसंख्याक शाळांना हा कायदाच लागू होत नाही असं सांगितलं. म्हणजे दाराशी असलेली शाळा अर्जाच्या यादीत दिसतच नाही. उरलेल्या थोड्या शाळांसाठी घोडपदेव, काळाचौकी, लालबाग, सगळीकडची मुलं एकाच सोडतीत.

माझ्या मताला पहिला धक्का एका आईनं दिला. ती माझगावच्या दोन घरांत पोळ्या करते. थोरल्या मुलाला लालबागच्या बाजूच्या एका शाळेत आरटीईतून जागा मिळाली होती, धाकटीचा अर्ज भरायला ती माझ्याकडे आली होती. मी माझं नेहमीचं बोलले, गिरणी कामगारांच्या सोडतीचा दाखलाही दिला. ती शांतपणे म्हणाली, “बाई, घर मिळालं की त्यात आम्ही चौघं राहणार. थोरल्याच्या बाकावर धाकटी कशी बसेल?”

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. घर कुटुंबाला मिळतं, म्हणून एका कामगाराला एक हा नियम न्याय्य ठरतो. शाळेतली जागा एका मुलाची असते. राज्यघटनेच्या २१-क या कलमानं शिक्षणाचा हक्क दिलाय तो बालकाला, कुटुंबाला नाही. भाऊ शिकला म्हणून बहिणीचा हक्क कणभरही फिटत नाही. मी ज्या मापाला न्याय म्हणत होते ते घरांसाठी खरं होतं, मुलांसाठी नव्हतं. एवढं कळल्यावर मी “तुमच्या घरी एकदा लागली” हे म्हणणं सोडून दिलं.

पण एवढ्यानं प्राधान्याची बाजू सिद्ध होत नाही, हेही मला दिसत होतं. हक्क जर एकेका मुलाचा असेल, तर थोरल्याचा प्रवेश धाकटीच्या विरोधात मोजता येत नाही आणि बाजूनंही मोजता येत नाही. दोघांच्या चिठ्ठ्या वेगळ्या, दोघांचं नशीब वेगळं. काही काळ मी याच ठिकाणी थांबले होते. तिथून मला पुढे नेलं ते अर्जाच्या एका रकान्यानं.

मुंबईतल्या अनेक खासगी शाळांच्या प्रवेश अर्जात एक प्रश्न असतो: याच शाळेत विद्यार्थ्याचा भाऊ किंवा बहीण शिकते का? त्याचं उत्तर हो असेल तर फी भरणाऱ्या घराच्या धाकट्या मुलाचं काम बरंचसं सोपं होतं. शाळांना ते सोयीचं असतं, पालकांना ते स्वाभाविक वाटतं आणि त्यात कोणालाच काही गैर दिसत नाही. दिल्लीत तर हे आकड्यांत मांडलं गेलं. डिसेंबर २०१३ मध्ये तिथल्या नायब राज्यपालांनी नर्सरी प्रवेशासाठी शंभर गुणांची पद्धत घातली. त्यात ७० गुण शेजाराला आणि २० गुण शाळेत भावंड असण्याला होते, उरलेले आईवडील माजी विद्यार्थी असण्याला आणि बदलीला. पुढे २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ती पद्धत रद्द केली, पण प्रश्न शाळांच्या स्वायत्ततेचा होता. भावंडाला झुकतं माप देणं ही गोष्ट मुळात अन्यायाची आहे, म्हणून ती रद्द झाली नव्हती.

आता एकच वर्ग डोळ्यांसमोर आणा. पंच्याहत्तर टक्के मुलं फी भरून आलेली, पंचवीस टक्के आरटीईतून. फी भरणाऱ्याच्या धाकट्यासाठी रकाना आहे. त्याच बाकावर बसणाऱ्या आरटीईच्या मुलाच्या धाकट्या बहिणीसाठी आमच्या सोडतीच्या अर्जात असा रकाना नाही. तिचा भाऊ त्या शाळेत आहे याला सोडतीत काही किंमत नाही. तिनं पुन्हा शून्यापासून बलून ठेवायचा आणि मेसेजची वाट पाहायची. ज्याच्याकडे पैसे आहेत त्याच्या घरातलं नातं शाळा मानते. ज्याच्याकडे नाहीत त्याच्या घरातलं नातं मानायचं नाही, आणि या न मानण्याला आम्ही समानता म्हणायचं. मी फाटकाबाहेरच्या माणसाच्या बाजूनं बोलते असं समजत होते. पण एकाच शाळेच्या दोन फाटकांवर दोन कायदे चालले होते, आणि कडक कायदा गरिबाच्या फाटकावर होता.

त्यानंतर मी मुलींकडे पाहायला लागले. महापालिकेच्या मराठी शाळेत मी शिकवलं, निवृत्त झाले. माझ्या वर्गात अशा मुली नेहमी असायच्या, ज्यांचा भाऊ फी भरून इंग्रजी शाळेत जायचा. मुलाला इंग्रजी, मुलीला म्युन्सिपालटी, हा हिशेब आमच्या वस्तीत कोणी मोठ्यानं मांडत नाही, पण तो अनेक घरांत होतो. मला माझ्या शाळेचा अभिमान आहे. तिथे शिकून मुली नर्स झाल्या, पोलीस झाल्या, बँकेत गेल्या. माझं दुःख शाळेच्या दर्जाचं नव्हतं. एकाच खोलीत झोपणाऱ्या दोन मुलांना दोन गणवेश दिले जातात, आणि त्या फरकातून मुलीला आपली पायरी शिकवली जाते, याचं होतं. तिला कोणी काही बोलत नाही. भावाची पाण्याची बाटली, भावाची बस, भावाच्या शाळेचं गॅदरिंग पाहून ती सगळं समजून घेते.

आरटीईच्या सोडतीनं हा हिशेब मोडण्याची संधी आणली होती, कारण इथे फीचा प्रश्नच नाही. पण सोडतीत थोरल्याला लागली आणि धाकटीला लागली नाही, की तोच जुना हिशेब पुन्हा तयार होतो, आणि या वेळी त्यावर सरकारी शिक्का असतो. पोळ्या करणाऱ्या त्या बाईच्या मुलीला जागा लागली नाही. तिच्या वडिलांचं म्हणणं होतं, “तिला म्युन्सिपालटीची शाळा आहेच की.” मुलाला लागली नसती, तर मुलासाठी ते कर्ज काढून दुसरी इंग्रजी शाळा शोधणार होते, हेही त्यांनीच सांगितलं. म्हणजे जिथे मुलगा आधी आत गेलाय, तिथे भावंडाचं प्राधान्य अनेकदा बहिणीलाच आत नेईल. घरात तिच्यासाठी कोणी भांडणार नसेल तर नियमानं भांडावं, असं मला वाटायला लागलं.

तिसरी गोष्ट रोजच्या चालण्याची. सोडतीत अंतराला प्राधान्य का दिलंय? लहान मुलाला लांब जावं लागू नये, पोचवणाऱ्याला झेपावं, मूल शाळेत टिकावं म्हणून. शेजार हा काही गुण नाही, कोणी कष्टानं कमावलेला नाही, तरी त्याला प्राधान्य देणं आपल्याला रास्त वाटतं. भावंडाच्या प्राधान्यामागे अगदी तेच कारण आहे. दोन मुलं दोन शाळांत असतील, एक सकाळच्या पाळीत आणि दुसरं दुपारच्या, तर आईला दिवसातून चार फेऱ्या पडतात. पोळ्या करणाऱ्या त्या बाईला माझगावच्या दोन घरांपैकी एक सोडावं लागतं. ज्या घरात पोचवायला आजी आहे तिथे हे निभतं. जिथे नाही तिथे धाकट्याची शाळा बुडायला लागते. कायद्यानुसार या मुलांना पुस्तकं, गणवेशही मोफत मिळायला हवेत, पण बहुतेक पालक तो खर्च स्वतः करताना मी पाहिलेत. शाळा एकच असेल तर थोरल्याचा गणवेश, रेनकोट, पुस्तकं धाकटीला येतात. शाळा वेगळ्या झाल्या की सगळं नव्यानं घ्यायचं.

हे सगळं मला आधीच माहीत असायला हवं होतं, असं कोणी म्हणेल, आणि एका अर्थी ते माहीत होतंच. महापालिकेच्या साध्या शाळेत सोडत नव्हती. एका घरातली तिन्ही मुलं ओळीनं माझ्या हाताखालून गेली. पहिलीच्या पहिल्या दिवशी रडणाऱ्या धाकट्याला मधल्या सुट्टीत चौथीतली बहीण येऊन भरवायची. थोरल्याचा अभ्यास कसा आहे यावरून घरात काय चाललंय ते कळायचं आणि धाकट्याला सांभाळून घेता यायचं. भावंडं एका शाळेत असणं ही तिथे सवलत नव्हती, रोजची गोष्ट होती. जिथे जागा मुबलक तिथे या प्रश्नाला अस्तित्वच नसतं. जागा थोड्या झाल्या, दारात रांग लागली, आणि मग ही साधी गोष्ट कोणाला द्यायची असा हिशेब करावा लागला.

आमच्या भागात चौथं कारण पुनर्विकासाचं आहे. जुन्या उपकरप्राप्त इमारती आणि चाळी पाडल्या जातात, भाडेकरू संक्रमण शिबिरात जातात किंवा भाडं घेऊन कल्याण-विरारकडे. थोरला जुन्याच शाळेत राहतो, कारण ती सोडली तर आरटीईची जागा गेली. तो रोज गाडीनं येतो. धाकट्याच्या अर्जाच्या वेळी बलून मात्र आताच्या पत्त्यावर ठेवावा लागतो. प्रतीक्षानगरच्या शिबिरातून जुनी शाळा तीन किलोमीटरच्या बाहेर पडते आणि धाकट्याची तिथली संधी जवळपास संपते. चार-पाच वर्षांनी नवी इमारत उभी राहील, कुटुंब परत येईल, तेव्हा प्रवेशाचं वय निघून गेलेलं असेल. या कुटुंबांनी घर बदललं ते स्वतःच्या मर्जीनं नव्हे. त्यांच्यासाठी भावंडाचा आधार हाच जुन्या शेजाराचा पुरावा मानायला हवा.

जगात हे कसं करतात तेही मी वाचून घेतलं. अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात सार्वजनिक शाळांचे प्रवेश सोडतीनं होत, पण सोडतीआधी गट पाडले जात: शाळेत भावंड आहे आणि घर चालण्याच्या अंतरावर आहे अशी मुलं आधी, मग भावंड असलेली, मग जवळ राहणारी, मग बाकीची. चिठ्ठी प्रत्येक गटाच्या आत काढायची. इंग्लंडमध्येही सरकारी शाळांच्या प्रवेश निकषांत भावंड हा नेहमीचा निकष आहे. २००८ मध्ये ब्रायटन शहरानं जास्त मागणीच्या शाळांसाठी अंतराऐवजी चिठ्ठी आणली, तीही गट लावून झाल्यावर. आपल्याकडेही केंद्राच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयानं २३ नोव्हेंबर २०१० ला दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत, आरटीई सोडून उरलेल्या पंच्याहत्तर टक्के जागांसाठी, वाजवी कारणं असलेले गट पाडून मग त्या गटांत चिठ्ठी काढायला मुभा होती. म्हणजे सोडत आणि प्राधान्य या एकमेकांच्या विरोधातल्या गोष्टी नाहीत. अंतराचा टप्पा आपण मानलेलाच आहे.

आता ज्यांचं यात नुकसान आहे त्यांच्याकडे वळते. गेली काही वर्षं एक सिक्युरिटी गार्ड माझ्याकडे येतो. त्याला एकच मुलगी. तो स्वतः सातवीपर्यंत शिकला, बायको शाळेतच गेली नाही. मुलीचं नाव प्रतीक्षा यादीत आलं आणि तिथेच राहिलं. मी त्याला माझं बदललेलं मत सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, “म्हणजे ज्यांचं आत कोणी आहे त्यांनाच पुन्हा मिळणार.” वडिलांच्या तोंडची फाटकाची गोष्ट मला त्याच्या शब्दांत ऐकू आली. त्याचं म्हणणं चुकीचं नाही आणि ते टाळून पुढे जाता येणार नाही.

हिशेब मांडून पाहू. समजा एका शाळेत आरटीईच्या १२ जागा आहेत आणि अर्ज ६०. सरसकट सोडतीत प्रत्येकाला पाचात एक संधी. आता ४ जागा भावंडांना गेल्या, तर उरल्या ८ जागा आणि ५६ अर्ज. गार्डच्या मुलीची संधी सातात एक झाली. भावंडांना ८ जागा गेल्या तर ४ जागा आणि ५२ अर्ज, तेरात एक. पाचात एकवरून सातात एक होणं हे नुकसान आहे, पण ते सोसण्याजोगं आहे आणि त्याबदल्यात चार घरं दोन तुकड्यांत मोडायची वाचतात. तेरात एक होणं म्हणजे मात्र फाटक बंद होणंच. बिनमर्यादा प्राधान्य दिलं तर पहिली सोडत जिंकलेली घरं दुसरीही जिंकत राहतील आणि गिरणीच्या भावकीसारखी एक छोटी भावकी प्रत्येक शाळेत तयार होईल. माझं जुनं मत याच धोक्यापुरतं आजही खरं आहे, आणि तेवढं मी सोडलेलं नाही.

म्हणून मी जे मागते ते मर्यादेसकट मागते. शाळेच्या आरटीई जागांपैकी जास्तीत जास्त एक तृतीयांश जागा भावंडांसाठी असाव्यात. भावंडं त्याहून जास्त असतील तर त्यांच्यातच आधी चिठ्ठी काढावी, आणि ज्यांना लागली नाही त्यांची नावं सर्वसाधारण सोडतीत जावीत. भावंडं कमी असतील तर उरलेल्या जागा सगळ्यांसाठी खुल्या व्हाव्यात. मोठं भावंड त्याच शाळेत आरटीईतून आणि प्रत्यक्ष शिकत असलं पाहिजे. हे तपासायला नवी यंत्रणा लागत नाही, विद्यार्थ्याचा ‘सरल’ या सरकारी प्रणालीतला क्रमांक शाळेच्या नोंदीत असतोच. सख्खं, सावत्र, दत्तक, सगळी भावंडं यात धरावीत. आईवडील नसल्यामुळे काकाकडे वाढणारं मूल कायदेशीर पालकत्वाच्या कागदावर यात यावं, पण चुलत-आते-मामे भावंडं सरसकट नकोत, नाहीतर चाळीत सगळेच एकमेकांचे भाऊ निघतील आणि मर्यादेला अर्थ उरणार नाही. संक्रमण शिबिरात गेलेल्यांसाठी जुना पत्ता ग्राह्य धरावा. आणि भाड्याचे खोटे करार करून शाळेजवळचा पत्ता दाखवणाऱ्यांना हा मार्ग मिळू नये, म्हणून थोरल्याचा प्रवेश पडताळणीत वैध ठरलेला असल्याशिवाय धाकट्याला प्राधान्य देऊ नये.

मुळात जागा वाढायला हव्यात, हे मला कोणी सांगायला नको. आहेत त्या जागा टिकवण्यासाठीसुद्धा लढावं लागतं, हे आम्ही अलीकडेच पाहिलं. ९ फेब्रुवारी २०२४ ला राज्य सरकारनं नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर तिथल्या खासगी शाळेला पंचवीस टक्क्यांतून सूट दिली. मुंबईत महापालिकेची शाळा कुठे नाही? त्या एका वाक्यानं शहरातल्या जवळपास सगळ्या जागा गेल्या असत्या. पालकांनी आणि संघटनांनी न्यायालय गाठलं. मुंबई उच्च न्यायालयानं मे महिन्यात त्या बदलाला स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ ला तो रद्द केला. त्या वर्षी प्रवेश लांबले, मुलं शाळा सुरू होऊनही घरी बसली, पण जागा वाचल्या. जागांसाठीची ही लढाई चालू राहील आणि मी तिच्यात आहे. तरी यंदाच्या सोडतीत जे मूल बसेल त्याला दहा वर्षांनी वाढणाऱ्या जागांचा उपयोग नाही. आज ज्या आहेत त्या कशा वाटायच्या, याचं उत्तर आजच द्यावं लागतं.

त्या गार्डला मी हे सगळं आकड्यांसकट सांगितलं. त्याला ते पटलं असं मी म्हणणार नाही. पण त्याच्या मुलीला पुढच्या फेरीत जागा लागली आणि मागून तिला भाऊ झाला, तर त्या भावासाठीही हाच रकाना उघडा असेल, हे मी त्याला सांगितलं. ज्या नियमाचा तोटा आज तुझ्या वाट्याला आहे, तोच उद्या तुझ्या घराला धरून ठेवेल, अशी खात्री देता आली तरच तो नियम करावा. एक तृतीयांशाची मर्यादा मी त्याच्यासाठीच घातली आहे.

पुढच्या वर्षीचे अर्ज सुरू होण्याआधी प्राथमिक शिक्षण संचालनालयाला मी हे लिहून पाठवणार आहे: आरटीईच्या अर्जात भावंडाचा रकाना घाला, त्याला मर्यादा घाला, आणि पैसे भरणाऱ्या घराला जी गोष्ट न मागता मिळते ती गरीब घराला निदान मागितल्यावर तरी द्या. मंडळाच्या खोलीत अर्ज भरायला येणाऱ्या प्रत्येक घराकडून, ज्यांना फायदा आहे त्यांच्याकडून आणि ज्यांना नाही त्यांच्याकडूनही, त्यावर सही मागणार आहे. जे सही देणार नाहीत त्यांचं म्हणणं त्याच पत्रात, त्यांच्याच शब्दांत जोडणार आहे.